तिला नाव देऊ नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी चष्मा लावून तीनदा पाहिला. बुटाचं खोकं, टॉवेल, त्यात ते पिल्लू, आणि खाली तुझा प्रश्न, "मावशी, हे जगेल ना?" आज सकाळी ते चोच वासतंय म्हणालीस, तेव्हा जीव भांड्यात पडला. फोनवर घाईत सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून हे पत्र.

साळुंकीच आहे. डोळे उघडलेत, पंखांवर निळसर नळ्या आल्यात, त्यांच्या टोकांना पिसं फुटू लागलीत, शेपूट मात्र नावालाच. साळुंकीचं पिल्लू तीन आठवडे किंवा थोडं जास्त घरट्यात राहतं. हे त्याच्या निम्म्यावर आलंय, म्हणजे खरोखरच पडलेलं आहे. हे आधी पाहावं लागतं, कारण दर उन्हाळ्यात लोक माझ्याकडे अंगभर पिसं असलेली, टुणटुण उड्या मारणारी पिल्लं "वाचवून" आणतात. ती अनाथ नसतात. नुकती घरट्याबाहेर पडलेली असतात आणि आईबाप जवळच्याच तारेवर बसून जिवाच्या आकांताने ओरडत असतात. तसं पिल्लू फांदीवर ठेवून निघून जायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही. कोवळं पिल्लूसुद्धा आधी घरट्यात परत ठेवून पाहायचं असतं. तुझ्यापुढे तो मार्ग उरला नाही. दांडिया बाजारातला तो वाडा पाडला आणि वळचणीसकट घरटंच खाली आलं. तू दोन तास लांब उभी राहून आईबापांची वाट पाहिलीस, हे फार चांगलं केलंस.

आता ऊब. पुस्तकं सांगतील की गरम पाण्याची पिशवी ठेवा. पण हा बडोद्याचा मे महिना आहे. पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकू लागलं तर ते उकडून निघतंय असं समज. पोटाला बोट लावून बघ, कोमट लागलं पाहिजे. थंड लागलं तर आधी ऊब, मगच घास, कारण गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. एसीच्या खोलीत ठेवू नकोस, पंख्याच्या झोताखालीही नको. मुंग्यांकडे लक्ष ठेव.

दूध अजिबात नाही. पक्ष्याला ते पचत नाही. तुझी आजी मायेने दूध-पाव भरवायला येईल, तिला समजावून सांग. चोचीत पाण्याचे थेंबही सोडू नकोस. जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. पाणी घासातूनच जाऊ दे: मांजराचं कोरडं खाणं भिजवून मऊ केलेलं, उकडलेलं अंडं, त्यावर उकळून कुटलेल्या अंड्याच्या टरफलाची चिमूट. आणि मुख्य म्हणजे किडे. साळुंकीच्या शास्त्रीय नावातल्या 'ॲक्रिडोथेरस'चा अर्थच नाकतोड्यांचा शिकारी असा आहे. नाकतोडे औषध न मारलेल्या गवतातलेच घे. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने आइस्क्रीमच्या लाकडी काडीने भरव. रात्री नाही, रात्री आईसुद्धा भरवत नाही. घास गिळला की बहुतेक वेळा ते पाठ फिरवून पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली शी टाकेल. घरट्यात असताना आईबाप ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. तू कागदाने उचल आणि हात साबणाने धू. मांजराचा दात लागलेला असल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा.

हे सगळं तू करशील. याहून अवघड आहे ते आता सांगते.

माझं लग्न होऊन या शहरात आले त्या वर्षी असंच एक पिल्लू मला मिळालं. मी त्याला नाव दिलं. दिवसभर एकटी असायचे, त्याच्याशी बोलत राहायचे. ते खांद्यावर बसायचं, माझ्या ताटातलं खायचं, आणि "ये, ये" म्हणायला शिकलं. सगळी पोळ, म्हणजे आमची गल्ली, बघायला यायची. पावसाळ्यात मी तिला गच्चीवर सोडलं. तारेवर सात-आठ साळुंक्या बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून ती "ये, ये" म्हणाली. तिला तेवढंच येत होतं. त्यांनी तिला टोचून टोचून खाली पाडलं आणि ती धावत माझ्या पायाशी आली. पुढची आठ वर्षं ती ओसरीवरच्या पिंजऱ्यात होती. रोज संध्याकाळी बाहेर थवा उतरला की ती दांडीच्या टोकाला सरकायची. ते मी केलं होतं, प्रेमाने केलं होतं.

म्हणून या पिल्लाला नाव देऊ नकोस. भरवताना बोलू नकोस, खांद्यावर घेऊ नकोस, मैत्रिणींना दाखवायला बोलावू नकोस. आणि वन खात्याला आजच फोन कर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला पक्षी घरी ठेवता येत नाही, आणि असा जीव हाती आला तर 48 तासांच्या आत कळवायचं असतं. पण मी कायद्याच्या भीतीने हे सांगत नाहीये. त्यांच्याकडे या दिवसांत साळुंक्यांची आणखी पिल्लं असतील तर याला आपल्या जातीची सोबत मिळेल. ती तू आणि मी मिळून देऊ शकत नाही. मागितलं तर देऊन टाक, रडू आलं तरी.

त्यांनी तूच सांभाळ म्हटलं, तर पिसं भरल्यावर पिंजरा गॅलरीत हलव, जिथून बाहेरच्या साळुंक्या दिसतील, ऐकू येतील. जिवंत नाकतोडे तळाशी सोड, स्वतः टिपू दे. उथळ थाळीत पाणी ठेव. खोलीत उडवण्याआधी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लाव आणि आरशावर चादर टाक. आपल्या घरांत वाढवलेली किती पिल्लं पंख्याने मेलीत ते मी मोजत नाही. स्वतःचं पोट स्वतः भरू लागली की जुलैत, पाऊस उघडलेल्या सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं ठेव आणि आत खाणं ठेवत राहा. काही दिवस परत येईल, मग येणं कमी होईल. पावसाळ्यात किड्यांना तोटा नसतो, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचा मांजा आकाशात येईपर्यंत तिला पंख सरावाचे व्हायला सहा महिने मिळतात.

उद्या सहाला कमाटीबागेच्या फाटकाशी ये. झाकणाला भोकं पाडलेला डबा आण. नदीच्या बाजूला ओलं गवत आहे, ऊन चढायच्या आत आपण दोघी नाकतोडे धरू.

तुझी,
मावशी