सेकंड हँड गाडीचा इन्शुरन्स: एजंटच्या तीन कोटेशनमधलं कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा धरते: पुण्यात सिंहगड रोडला राहता, साडेचार वर्षं जुनी ११९७ सीसीची पेट्रोल गाडी घेतलीत, जुन्या मालकाची पॉलिसी पंधरा दिवसांत संपतेय आणि एजंटने तीन कोटेशन पाठवलीत. एक नुसतं थर्ड पार्टी, एक फुल इन्शुरन्स, एक झिरो डेपवालं (क्लेममध्ये गाडीच्या भागांची वयाप्रमाणे घट न कापणारं). वर तो म्हणतो जुन्या मालकाचा ५० टक्के एनसीबी तुम्हाला मिळेल. आणि तुम्ही विचारताय की सगळ्यात स्वस्त घेऊन टाकू का.

सगळ्यात आधी एनसीबीचं सांगते कारण तिथेच घोळ आहे. एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी सूट मिळते, पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पण हा बोनस गाडीचा नसतो हो, माणसाचा असतो. जुन्या मालकाने क्लेम न करता गाडी सांभाळून चालवली म्हणून त्याला मिळाला, गाडी विकली की तो त्याच्याबरोबर जातो, तो एनसीबीचं सर्टिफिकेट घेऊन ३ वर्षांच्या आत आपल्या नव्या गाडीला लावू शकतो. तुम्हाला ० पासून सुरुवात करायची आहे. (तुमची स्वतःची आधी गाडी होती आणि ती विकलीत तर मात्र तुमचा एनसीबी इथे लावता येईल, जुन्या कंपनीकडून पत्र मागून घ्या.) एजंटने ५० टक्के लावून प्रीमियम कमी दाखवला की बरं वाटतं, पण फॉर्मवर सही तुमची असते, आणि क्लेमच्या वेळी कंपनी मागच्या पॉलिसीची माहिती काढते, तेव्हा चुकीची माहिती दिली म्हणून क्लेम अडवतात नाहीतर कापतात. तेव्हा एजंट तुमच्यासोबत नसतो. त्याला आजच सांगा, शून्य एनसीबीने परत कोटेशन दे.

त्याहून घाईचं म्हणजे आत्ता चालू असलेली पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. म्हणजे उद्या कात्रजच्या घाटात कुणी मागून ठोकली आणि आरसी तुमच्या नावावर, पॉलिसी जुन्याच्या नावावर, तर तुमच्या गाडीचा खर्च तुमच्याच खिशातून. पंधराच दिवस राहिलेत म्हणून सोडून देऊ नका.

आता शब्द. पॉलिसीचे मुळात दोन भाग असतात आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं: अपघात, चोरी, आग, पूर, अंगावर झाड पडणं वगैरे. दोन्ही एकत्र घेतले की त्याला आपल्याकडे फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात.

थर्ड पार्टी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सक्तीचा आहे, नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाच्या भीतीने घेऊ नका, खरं कारण वेगळं आहे. तुमच्या गाडीखाली कुणी आलं आणि गेलं, किंवा कायमचं अपंग झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्या माणसाचं वय, कमाई, घरात किती जण त्याच्यावर अवलंबून, हे सगळं बघून भरपाई ठरवतं, आणि ती रक्कम लाखांत सहज जाते. पॉलिसी असेल तर जीवितहानी आणि दुखापतीसाठी कंपनीची जबाबदारी अमर्याद असते, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा असते. पॉलिसी नसेल तर ते सगळं तुमच्यावर, आणि त्या कुटुंबाच्या हातातही वेळेवर काही पडत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहे अधिक जीएसटी. त्यामुळे या भागात कुणी 'डिस्काउंट देतो' म्हणालं तर तो डिस्काउंट तिथला नसतोच, ओन डॅमेजमधला असतो. एनसीबीसुद्धा फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो, पूर्ण बिलावर नाही.

आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यातली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ही किंमत त्या मॉडेलच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घट करून काढतात, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. म्हणजे तुमच्या मॉडेलची शोरूम किंमत ७ लाख असेल तर आयडीव्ही साडेतीनच्या आसपास यायला हवा. कोटेशनमध्ये तो २ लाख ८० हजार लिहिलेला दिसला तर समजा की प्रीमियम थोडासा कमी दिसावा म्हणून तुमचे सत्तर हजार खाली आणलेत. उलट खूप वर नेऊनही फायदा नाही, प्रीमियम जास्त जाईल एवढंच.

आता झिरो डेप, लोक याला बंपर टू बंपर म्हणतात. हे मला वर्कशॉपच्या काउंटरवर कळलं, पॉलिसी वाचून नाही. आमची गाडी तेव्हा अडीच वर्षांची होती, पाली-खोपोली रस्त्यावर पुढच्या टेंपोने अचानक ब्रेक मारला आणि आम्ही त्याच्या मागे जाऊन आदळलो. कुणाला लागलं नाही, समोरचा भाग गेला. बिल झालं ४९,९००. मी निवांत होते, फुल इन्शुरन्स आहे ना. कंपनीने दिले ३३,३५०. मग मी काउंटरवरच्या मुलासमोर बसून एकेक ओळ समजून घेतली. बंपर, हेडलाइट, जाळी हे सगळं प्लास्टिक, २४ हजारांचं, प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घट, गेले १२ हजार. बॉनेट पत्र्याचं, ११ हजार, पत्र्यावर वयाप्रमाणे घट, अडीच वर्षांना १५ टक्के, गेले १,६५०. रंगाचं काम ८ हजार, त्यातलं मटेरियल चौथा हिस्सा धरतात आणि त्यावर ५० टक्के, गेले एक हजार. क्लिपा, कूलंट असली किरकोळ वस्तू ९०० रुपयांची, ती मिळतच नाही. आणि एक हजार डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा. फक्त मजुरीचे ६ हजार पूर्ण मिळाले. एकूण १६,५५० आमचे गेले, आणि त्यातले घटीचे १४,६५० वाचवणारं झिरो डेप आम्ही दोन-अडीच हजारांसाठी सोडलं होतं. तुमच्या गाडीला तर पत्र्यावरही ३५ टक्के घट लागेल कारण ती चार वर्षांच्या पुढची आहे. काचेवर मात्र घट नसते.

झिरो डेप घेतलं की ही घट कापत नाहीत. पण तरी डिडक्टिबल लागतोच, आणि बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच क्लेम देतात, ते विचारून घ्या. शिवाय अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर झिरो डेप देत नाहीत, काही देतात, म्हणजे तुम्हाला कदाचित हे एकच वर्ष सहज मिळेल. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मी तरी घ्याच म्हणेन.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची ठरलेली रक्कम. सक्तीचा १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,०००. याशिवाय एक 'व्हॉलंटरी' असतो, तो तुम्ही आपणहून मान्य करायचा आणि बदल्यात प्रीमियम कमी. कोटेशन स्वस्त दिसलं की ही ओळ शोधा, कारण तिथे ५,००० किंवा १५,००० टाकलेलं असू शकतं आणि फोनवर कुणी त्याचा उल्लेखही करत नाही.

इंजिन प्रोटेक्टबद्दल जरा जास्त लिहिते कारण मी चिपळूणची आहे आणि २२ जुलै २०२१ आमच्या घरातून गेलेला आहे. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या धाकट्या दिरांची गाडी खाली उभी होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती गाडीला चावी मारली, कुणीही तेच करेल. इंजिनात पाणी गेलेलं होतं, स्टार्ट केल्यावर आत कनेक्टिंग रॉड वाकले. पूर हा फुल इन्शुरन्समध्ये येतो, त्यामुळे सीट, वायरिंग, साफसफाई हे मिळालं. पण इंजिन नाही मिळालं, कारण ते पुराने नाही तर पाण्यात इंजिन चालू केल्याने बिघडलं, त्याला कंपनीच्या भाषेत परिणामी नुकसान म्हणतात आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं जोड कव्हर, याच्यासाठी असतं. तुम्ही सिंहगड रोडला राहता, २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर तिथल्या एकतानगरीत काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल. तुमचं पार्किंग खोलगट असेल तर हे घ्या. आणि अॅड-ऑन असो वा नसो, चाकं बुडेपर्यंत पाणी आलेल्या गाडीला चावी लावू नका, बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टोइंग करूनच न्या.

बाकीचे अॅड-ऑन पटकन. रिटर्न टू इनव्हॉइसमध्ये टोटल लॉसला बिलाची पूर्ण किंमत मिळते, पण ते नव्या गाड्यांसाठी, तुम्हाला लागू होणार नाही. रोडसाइड असिस्टन्स स्वस्त असतं, घ्या. कन्झ्युमेबल म्हणजे त्या क्लिपा-कूलंटवालं, शंभर-दोनशेत मिळत असेल तर हरकत नाही. चावी, टायर, सामान यांची पॅकेजं मला स्वतःला गरजेची वाटत नाहीत.

पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर, मालक-चालकासाठी १५ लाखांचं, कोटेशनमध्ये असेल. तुमची आधीच तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर तसं लिहून देऊन हे वगळता येतं. नसेल तर हे वगळू नका, घरातला कमावता माणूस गाडी चालवतो तेव्हा काही शे रुपयांत मिळणारं एवढं कव्हर सोडू नये. यासाठी आरसी आणि लायसन्स दोन्ही तुमच्याच नावाचं हवं, म्हणून आरटीओचं ट्रान्सफर रेंगाळू देऊ नका. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवून घ्या.

अजून एक हिशेब, पुढे उपयोगी पडेल. समजा काही वर्षांनी तुमचा एनसीबी ५० टक्क्यांवर पोचला आणि ओन डॅमेजचा प्रीमियम सूट धरण्याआधी ६,००० आहे. तेव्हा सोसायटीच्या गेटला घासून ४,००० चं काम निघालं. क्लेम केलात तर एनसीबी शून्यावर येतो, पुढच्या वर्षी ३,००० ची सूट गेली, त्यानंतर २० टक्क्यांवर म्हणजे १,८०० कमी, मग १,५००, ९००, ३००, बेरीज साडेसात हजार. प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो ते धरलं तरी एवढ्या कामाला क्लेम परवडत नाही. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन यासाठी असतं पण तुमचा बोनस आत्ता शून्य आहे, तर या वर्षी त्यावर पैसे घालू नका. पॉलिसी संपून ९० दिवस गेले तरी साठलेला एनसीबी जातो, आणि मध्ये एक दिवस जरी खंड पडला तरी फुल इन्शुरन्ससाठी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते.

क्लेम करायची वेळ आली तर सर्व्हेअरने (नुकसान तपासायला येणारा माणूस) बघण्याआधी गाडी उघडू द्यायची नाही, आणि त्याने काय मंजूर केलं काय कापलं त्याचा कागद मागायचा. कापलेलं पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. माझ्या दिरांना हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही, आणि तक्रार कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत करायची असते, ते वर्ष घर उभं करण्यातच गेलं.

तर एजंटला एवढाच मेसेज करा: शून्य एनसीबी, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य, आयडीव्ही वयाप्रमाणे पूर्ण, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट धरून आकडा सांगा. मग तोच तपशील टाकून अजून दोन कंपन्यांचे आकडे मागवा. आकडे आले की नाव आणि गाडीचा नंबर झाकून इथे टाका, मी बघून सांगते.