अहेरीला निघालेल्या भूलतज्ज्ञास

चि. डॉक्टर हिस,
अनेक आशीर्वाद.

अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू होतेस हे वाचून ऊर भरून आला. पुन्हा कोरोनासारखी साथ आली आणि भूलतज्ज्ञ म्हणून मी एकटीच असले तर आधी काय सांभाळू, असं तू विचारलंस. माझं उत्तर ठाम आहे: ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर.

2020 मध्ये व्हेंटिलेटर कळतो म्हणून भूलतज्ज्ञांना कोविड वॉर्डात ओढलं, ते योग्यच होतं. पण बाळंतपणं साथ सरायची वाट बघत नाहीत. भूल द्यायला कोणी नाही म्हणून अडलेल्या बाईला गडचिरोलीला पाठवायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. आणि भामरागडकडची असेल, पर्लकोटेला पूर असेल, तर ती अहेरीपर्यंत पोचली हेच तिचं नशीब. म्हणून साथीची कुणकुण लागताच अधीक्षकांकडून लेखी घे: इमर्जन्सी सिझर आलं की तू वॉर्डातून सुटणार, आणि तेवढा वेळ वॉर्ड कोण बघणार. तोंडी ठरलेलं रात्री दोन वाजता कोणाला आठवत नाही.

कोविड पॉझिटिव्ह बाईला जमेल तिथे स्पायनलच, म्हणजे पाठीच्या कण्यातून द्यायची भूलच, दे. पूर्ण भुलीसाठी श्वासनळीत ट्यूब टाकताना विषाणू हवेत उडतो, आणि छोट्या ओटीत सर्जन, सिस्टर, तू, सगळेच सापडता. बाळाचे ठोके पडत असले तरी पीपीईशिवाय आत पाऊल टाकू नकोस. हे ऐकायला कठोर वाटेल, पण तू आजारी पडलीस तर पुढच्या बाईला कोणीच नाही.

आपल्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, विसरून चालत नाही. छातीत दुखतंय, ताप आहे, ऑक्सिजन उतरतोय, म्हणजे कोविडच असं साथीत सगळे धरून चालतात. सिकलसेलच्या रुग्णाची छाती अशीच भरते, आणि अशा बाईला रक्त लागू शकतं. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ती बेडवर नुसती पडून राहता कामा नये. गरोदर असेल तर सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड आधी माग. ओटीत तिला थंडी वाजू देऊ नकोस, सलाइन कमी पडू देऊ नकोस.

ऑक्सिजनचा हिशेब स्वतः कर. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर असतात. मिनिटाला 10 लिटरने तो साडेअकरा तास जातो; हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, निव्वळ ऑक्सिजन 60 लिटरने सोडलास तर दोन तासही नाही. म्हणजे एक हाय फ्लो चालवताना तू सहा जणांच्या मास्कचा ऑक्सिजन खर्च करतेस. हा निर्णय तुझ्या एकटीच्या माथी येऊ नये. फिजिशियन आणि अधीक्षकांसोबत बसून ठरव, नातेवाइकांना स्पष्ट सांग. माडिया बोलणारे असतील तर आशाताईला बोलव, हिंदीत रेटू नकोस. पीपीईवर मार्करने मोठं नाव लिही. चेहरा दिसत नाही, निदान कोण बोलतंय ते कळू दे.

ओटीसाठी दोन भरलेले सिलिंडर वेगळे, कुलपात ठेव. चावी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. वॉर्डात कितीही ओढाताण झाली तरी ते हलवायचे नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाक. रुजू झालीस की जनरेटर आणि सक्शन स्वतः चालवून बघ आणि मला फोन कर.

तुझी,
मॅडम