बोल्यू सापडत नसेल तर उदों शोधा

तुमची पोस्ट वाचली आणि थेट आमचं घर आठवलं. तुमच्या नवऱ्याचे पणजोबा अमेरिकेतल्या लोवेलच्या कापडगिरणीत 'बोल्यू' म्हणून कामाला, जन्म कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वीबेकचा, पण तिकडे त्या वयाचा बोल्यू कुठेच नाही! जहाजांच्या याद्या चाळत असाल तर आधी ते थांबवा. १८४० ते १९३० या काळात क्वीबेकमधून साधारण नऊ लाख माणसं अमेरिकेत आली, ती बहुतेक रेल्वेने.

तिकडे एका घराण्याला दोन आडनावं असत, मध्ये 'दी' लावून, आपल्या 'उर्फ'सारखं. उदों दी बोल्यू, रुआ दी देजार्दँ, मिव्हिल दी देशेन. कुणाचं सैन्यातलं टोपणनाव, कुणाचं जमिनीवरून पडलेलं. पुढे एक भाऊ पहिलं लावतो, दुसरा दुसरं. तुमचा बोल्यू बहुधा उदों म्हणून नोंदलेला असेल. बहुधाच म्हणते, कारण बोल्यू लावणारं ते एकमेव घराणं नाही.

आमच्या सासरचं आडनाव लोरांजे. एका कार्यालयाकडे (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) लग्नाची नोंद मागितली. वर्ष, गाव, नवरा-नवरीची नावं, सगळं लिहून दिलं. फी आगाऊ घेतली आणि कित्येक महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: अशी नोंद अस्तित्वात नाही. 'आम्हाला सापडली नाही' नव्हे, अस्तित्वातच नाही! त्या एका ओळीपायी सासूबाईंनी घराणं शेजारच्या ओंटारियो प्रांताचं ठरवून टाकलं आणि आम्ही भलत्याच गावांची रजिस्टरं उपसत बसलो.

क्वीबेकचे पाद्री १६७९पासून रजिस्टर दोन प्रतींत ठेवत, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. या रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म द्रूएँ संग्रहात आहेत. तिथे तेच गाव, तेच वर्ष काढलं आणि पानंच्या पानं उलटली, तर लग्न समोर! मजकुरात 'रिवार दी लोरांजे', समासात नुसतं 'रिवार'. कार्यालयातल्या माणसाने सूचीत 'ल' पाहिला आणि वही मिटली. फोन केला तर म्हणे, सूची पहिल्या आडनावाने असते. अहो, मग दुसरं काही आडनाव आहे का, एवढं तरी विचाराल? फी परत नाहीच.

म्हणून माझं मत (वकील नाही, इतिहासकार नाही, गरजेपोटी शिकलेली सून आहे): कुठल्याही कार्यालयाच्या 'नाही'वर विसंबू नका. कोणत्या आडनावांखाली पाहिलं ते लेखी मागा. तांगे या पाद्र्याच्या सात खंडी वंशावळ-कोशाच्या शेवटच्या खंडात अशा जोडनावांची यादी आहे, ती आधी पाहा. कोश १८७१ ते १८९० मधला, चुकाही पुष्कळ, पण यादी कामाची. रिवारखाली लाव्हीन्यही निघाले. बातिस्काँ गावच्या दोन भावांपैकी एकाने लोरांजे धरलं, एकाने लाव्हीन्य.

आणि पुरुषाच्या मागे कशाला लागता, त्याच्या बायकोला शोधा! फ्रेंच नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने असते. आपल्याकडे लग्नानंतर जे पुसलं जातं तेच तिथे टिकतं. अमेरिकेतल्या थडग्यावर मात्र ती नवऱ्याच्या आडनावाने असेल, त्याला फसू नका. लग्नाच्या नोंदीत सहसा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, आयांची माहेरच्या आडनावासकट, त्यामुळे लग्नावरून लग्नावर मागे जाता येतं. बाप्तिस्म्यावर फार भिस्त नको. जवळजवळ प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी, हाक मारायचं नाव बहुतेकदा शेवटी.

अमेरिकेत नावाचं भाषांतर झालं असेल तर आणखी गंमत. रुआचा किंग, बुआव्हेरचा ग्रीनवुड, आणि कुर्तमाँशचा चक्क शॉर्टस्लीव्ह्ज!

डीएनए चाचणीचं विचारलंत. करा, पण 'चौथ्या पिढीचे चुलतभाऊ' शेकड्यांनी निघतील आणि त्यातले बरेच खरे त्याहून लांबचे असतील. मोजक्याच कुटुंबांची ही प्रजा, आपापसात लग्नं फार. लग्नाच्या नोंदीत नात्यातल्या लग्नासाठी चर्चची सूट दिल्याचं लिहिलंय का ते बघा. 'तिसऱ्या पायरीचं' नातं म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. पान फाटलेलं असलं तरी त्या एका शब्दावरून दुसऱ्या शाखेतून वर चढता येतं.

बोल्यूंच्या बायकोचं माहेरचं आडनाव माहीत असेल तर इथे टाका, रविवारी बघते.