हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि नर्व्ह ब्लॉकची निवड

प्रश्न : माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे. नंतरच्या वेदना कमी राहाव्यात म्हणून छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना ‘ब्लॉक’ (नसा बधिर करणारे इंजेक्शन) देणार असल्याचे भूलतज्ज्ञांनी सांगितले. ओळखीतल्या एकांना फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत एपिड्युरल (मणक्याच्या पोकळीत सोडायचे बधिरतेचे औषध) दिले होते व त्यांना चांगला आराम पडला होता. मग वडिलांना तेच का देत नाहीत?

उत्तर : एपिड्युरलने वेदना उत्तम शमतात, याबद्दल दुमत नाही. अडचण हेपरिनची आहे. शस्त्रक्रियेवेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हे औषध मोठ्या मात्रेत द्यावे लागते. अशा वेळी एपिड्युरलच्या सुईने मणक्याच्या पोकळीतली एखादी रक्तवाहिनी दुखावली गेली असेल, तर तिथे रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. ही गुंतागुंत दुर्मीळ असली तरी तिच्यामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात, आणि रुग्ण भुलेच्या अमलाखाली व्हेंटिलेटरवर असल्यामुळे पायांतली ताकद गेल्याचे वेळेत लक्षातही येत नाही. कण्यालगत खोलवर दिला जाणारा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकही याच कारणाने जपून वापरला जातो.

नेहमीच्या बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापले जाते. तिथल्या संवेदना मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगड्यांखालून येणाऱ्या नसांच्या पुढच्या शाखा वाहून नेतात, आणि तुमच्या वडिलांना सुचवलेला पॅरास्टर्नल ब्लॉक नेमका त्यांच्यावरच काम करतो. सोनोग्राफीचा प्रोब हाडाच्या कडेला ठेवला की पडद्यावर छातीचा मोठा स्नायू, त्याखाली बरगड्या आणि सर्वांत खाली फुप्फुसाचे चकाकणारे आवरण दिसते. मोठ्या स्नायूखाली सुईचे टोक पोहोचवून औषध सोडले की तो स्नायू हलकेच वर उचलला जातो आणि मध्ये औषधाची काळी पट्टी पसरत जाते. रुग्णाला कुशीवर वळवावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. याच ब्लॉकचा आणखी खोल प्रकारही आहे, मात्र त्यात सुई छातीच्या आतल्या धमनीच्या आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या अगदी जवळ जाते. शिवाय बायपाससाठी हीच धमनी सोडवून घेतलेली असेल, तर तिथले थर आधीच विस्कटलेले असतात. म्हणून वरच्या थरातला ब्लॉक मला अधिक पटतो.

2016 साली प्रथम वर्णन झालेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक पाठीतून, पण कण्याच्या पोकळीपासून दूर दिला जातो. तो लोकप्रिय झाला आहे, परंतु औषध पुढच्या बाजूपर्यंत किती पोहोचेल हे रुग्णागणिक बदलते. सेराटस ब्लॉक बगलेखालच्या भागासाठी आहे. बरगड्यांमधून छोट्या छेदाने केलेल्या शस्त्रक्रियेत तो उपयोगी, मधल्या हाडासाठी अपुरा.

प्रश्न : ब्लॉक दिल्यावर मॉर्फिनसारख्या औषधांची गरज उरणार नाही ना?

उत्तर : गरज कमी होते, पण ती पूर्णपणे संपेलच असे नाही. एकदाच दिलेल्या ब्लॉकचा परिणाम काही तासांनी ओसरतो, आणि छातीत साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या जिथून बाहेर येतात तो पोटाचा वरचा भाग किंवा बायपाससाठी शीर काढलेल्या पायाची जखम त्याच्या कक्षेत येत नाही. औषधाची मात्रा मनाला येईल तशी वाढवताही येत नाही, कारण दोन्ही बाजूंचे मिळून प्रमाण वजनानुसार ठरलेले असते आणि ते ओलांडल्यास झटके येऊ शकतात, हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून ब्लॉकच्या जोडीला सहसा पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी दिले जाते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र बायपासनंतर घरच्यांनी आपल्या मनाने मुळीच देऊ नयेत.

स्वस्थ पडून असताना दुखत नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. दीर्घ श्वास घेता येतो का, जोर लावून खोकता येते का, हे महत्त्वाचे आहे, कारण दुखण्याच्या भीतीने खोकला दाबला की कफ साचून छातीत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. वडिलांनी खोकताना नेमके कुठे दुखते, मधल्या हाडात की नळीपाशी, हे परिचारिकेला स्पष्ट सांगावे; त्यावरून पुढचा उपाय वेगळा ठरतो.