इंजिन बदलायच्या आधी पंखे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) आहात, २००१ ची पोर्शे बॉक्स्टर हौसेने घेतलीत. सिग्नलला थांबलं की टेम्परेचरचा काटा चढतो, हायवेला लागलं की उतरतो. गॅरेजवाल्याने काही न उघडताच ‘इंजिन बदलावं लागेल, १३,००० डॉलर’ असं सांगितलं. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ११,००० डॉलरना हात न लावता ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, कर्ज काढावं का?

काढू नये. पण मुळात हे १३,००० आले कुठून?

उभी असताना तापते आणि पळताना गार होते, त्या गाडीला बहुतेक वेळा वारा कमी पडत असतो. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, पण रेडिएटर पुढच्या चाकांसमोर, दोन बाजूंना दोन. त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर, आणि मधल्या फटीत पाचोळा. न्यू जर्सीचे दोन-चार ऑक्टोबर गेले की तिथे मेपलच्या पानांची ओली गोधडी तयार होते. बंपर काढल्याशिवाय ती नीट दिसतही नाही.

आज एवढंच करा. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि पुढे वाकून ऐका. दोन्ही बाजूंचे पंखे मंद गतीने फिरायला हवेत. नाही फिरले तर त्यांचा रेझिस्टर (पंख्यांना मंद गती देणारा भाग) जळालेला असू शकतो, या मॉडेलचं ते जुनंच दुखणं आहे. मग मागच्या डिकीतलं कार्पेट चाचपा. ओलं, चिकट लागलं तर तिथल्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीला तडा असेल. यात एक पैसाही जात नाही.

पुढचं काम दुसऱ्या गॅरेजात, पोर्शेची कामं नेहमी करणाऱ्याकडे: कूलंट कुठे गळतंय ते दाखवणारी प्रेशर टेस्ट, आणि कूलंटमध्ये जळालेला वायू येतोय का याची तपासणी. त्यात तपासणीचं निळं द्रावण पिवळं पडलं, किंवा ऑइलचा दुधाळ चहा झालेला दिसला, तर दुखणं बहुधा खरंच इंजिनात आहे. या तपासण्यांवर दोन-तीनशे डॉलर खुशाल खर्च करा. कूलंट फिरवणारा पंप आणि थर्मोस्टॅट बदलावा लागला तर तेही करा. त्या पंपाची पाती प्लास्टिकची असतात, तुटली की तुकडे कूलंटच्या वाटांमध्ये अडकतात.

आता कर्ज. ‘व्याज आपल्याच खात्यात जातं’ हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नोकरी सुटली तर उरलेली रक्कम सहसा पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही जमलं तर त्यावर टॅक्स, आणि नोकरी सुटली त्या वर्षी वयाची ५५ पूर्ण होत नसतील तर सहसा वर १० टक्के दंड. एच-१बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत डोक्यावर गाडीचं कर्ज नको, आणि ते ११,००० शाबूत हवेत.

माझा आकडा: तपासणी धरून एकूण ३,००० डॉलर, तेही पगारातून तीन-चार महिन्यांत. त्याच्या वर गेलं तर आहे तशी, दोष सांगून विका. इंजिन निकामी झालेली बॉक्स्टरसुद्धा सुट्या भागांसाठी कोणीतरी उचलतंच. हौस म्हणून मलाही गाडी आवडते, पण गाडीच्या किमतीएवढं इंजिन त्याच गाडीत घालून ते पैसे विकताना परत मिळत नाहीत.

तोवर काटा वर असताना ‘घर जवळच आहे’ म्हणून चालवू नका. टो मागवा.