हुकलेला फटका मोजायचा का?

प्रश्न : गोल्फ खेळताना टी-वरच्या (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरच्या) चेंडूवर मी जोरात क्लब (गोल्फची काठी) फिरवला, पण तो चेंडूला लागलाच नाही. हा फटका धरायचा का?

उत्तर : होय. गोल्फच्या नियमांत स्पर्शाला नव्हे, तर हेतूला महत्त्व आहे. चेंडू मारण्यासाठी क्लब पुढे आणला की फटका झाला, मात्र क्लब खाली येत असताना विचार बदलून तो चेंडूपर्यंत पोहोचण्याआधी मुद्दाम थांबवला, किंवा थांबवणे अशक्य असल्याने जाणूनबुजून चुकवला, तर तो मोजत नाहीत. सरावाचा झोकाही फटका नव्हे. हुकल्यावर चेंडू टी-क्षेत्रातच (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेतच) असेल, तर तो दंडाविना पुन्हा टी-वर ठेवता येतो; पुढचा फटका अर्थातच दुसरा. १९८३च्या ब्रिटिश ओपनमध्ये गोल्फपटू हेल अर्विन यांचा काही इंचांचा ‘पट’ (चेंडू छिद्रात ढकलण्याचा हलका फटका) असाच हुकला, प्रामाणिकपणे मोजला गेला, आणि अखेरीस ते विजेते टॉम वॉटसन यांच्यापेक्षा एकाच फटक्याने मागे राहिले.