मुंडावळ्या आणि मालै: दोन रीतींचं लग्न, फुलं मात्र इथलीच

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात आहे. जावई तमिळ. एकाच सकाळी दोन्ही रीती करायच्या आहेत. व्याह्यांना हार बदलण्याच्या विधीसाठी जाड हार, झोपाळा आणि वेणीभर फुलं हवी आहेत. आम्हाला मुंडावळ्या, साधे हार आणि झेंडूचा मांडव हवा. डेकोरेटर ऑर्किड आणि लिलियम दाखवतो. आम्हाला पुण्याच्या आसपास पिकलेलीच फुलं वापरायची आहेत. कोणती घ्यावीत, किती आणि कधी? (एक वरमाय, कोथरूड)

उत्तर : तारीख चांगली धरली आहे. साधारण 16 डिसेंबरला तमिळ मार्गळी महिना लागतो आणि त्यात तमिळ घरांत लग्न होत नाही. आपल्याकडेही तो धनुर्मास. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचे सगळे मुहूर्त त्याआधीच्या थोड्या दिवसांत दाटतात आणि फुलांचे भाव चढतात. ‘अमुक रुपयांत सगळी फुलं’ असा ठोक सौदा करू नका. त्या दिवशीचा बाजारभाव वेगळा आणि ओवण्या-बांधण्याची मजुरी वेगळी, असंच ठरवा. ठोक सौद्यात भाव चढला की हार बारीक होतात, आणि ते लग्नाच्या सकाळीच कळतं.

डिसेंबरात आपल्याकडे शेवंतीचा भर असतो. दिवस लहान झाले की ती फुलते, म्हणून उघड्या शेतात घाई करून ती लवकर आणता येत नाही आणि थांबवूनही ठेवता येत नाही. अष्टर, झेंडू, गावठी गुलाब, जर्बेरा, ग्लॅडिओलसही मिळतात. गुलछडी मिळते, पण थंडीत आवक घटते. मोगरा मात्र विसरा. आपल्याकडे तो उन्हाळ्याचा. डिसेंबरात बाजारात दिसला तर तो बहुधा दक्षिणेतून आलेला असतो आणि भाव ऐकून हात मागे येतो. व्याह्यांना मल्लीच (तमिळमध्ये मोगरा) हवी असेल तर तेवढी वधूच्या वेणीपुरती मागवा. एरवी कागडा घ्या. दिसायला मोगऱ्याच्या जवळचा, वास जवळजवळ नाही, पण गजऱ्यात जास्त वेळ तग धरतो. वासाची उणीव मरवा आणि दवणा भरून काढतात. तमिळ हारांतही हे दोन्ही असतातच.

दोन्हीकडची फुलं बरीचशी तीच आहेत. फरक आहे तो बांधणीत, आणि घोटाळाही तिथेच होतो. आपला हार सुईने ओवतात. तमिळ मालै गाठी मारत बांधतात : मधल्या दोरीभोवती फुलांची एकेक फेरी, देठ आत आणि तोंडं बाहेर. ओवणाऱ्याला जाड हाराचं काम दिलंत तर तो चार सर एकत्र पिळून देतो. असा हार दिसतो जाड, पण ओढला की सर सुटे होतात. आणि हा हार ओढला जाणारच! मालै माट्रलमध्ये वधूवर तीनदा हार बदलतात आणि बऱ्याच घरांत दोन्हीकडचे मामा त्यांना खांद्यावर उचलून धरतात. म्हणून बांधणारा वेगळा शोधा. पुण्यात नाही मिळाला तर माटुंगा स्टेशनजवळच्या फूलगल्लीत हे काम रोजचंच आहे. फुलं पुण्याची न्यायची आणि हार बांधून आणायचे, हेही जमतं.

मालैची मापं अशी. बंद घेर सव्वादोन मीटर धरला तर मानेमागची वीतभर जागा सोडून दोन मीटर बांधणी उरते. दर दोन सेंटिमीटरला दहा फुलांची एक फेरी. मीटरला पाचशे, म्हणजे हाराला हजार फुलं. सुट्टी एकेरी गुलछडी किलोत साधारण हजारच्या आसपास भरते, म्हणून हारामागे सव्वा किलो घ्या, कारण निवडताना काही जाणारच. त्यात पाव किलो गावठी गुलाब आणि दोन जुड्या मरवा. एकूण वजन दीड किलोच्या आत ठेवा. त्याहून जड हार खांद्यावरच्या वधूला वर उचलता येत नाही. दुहेरी गुलछडी घेऊ नका, ती फुलदाणीत शोभते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या दोन्ही एकेरी जाती हारासाठी उत्तम.

दोरा सुतीच हवा. नायलॉन गुलछडीची मऊ नळी कापतो आणि दोन तासांत फुलं गळायला लागतात. केळीच्या सोपाचे धागे मिळाले तर आणखी चांगलं. अर्धा तास पाण्यात भिजवून वापरायचे. मानेमागच्या मोकळ्या जागेवर सुती पट्टी गुंडाळा. तिथे जरीची फीत लावली तर मान खाजते आणि ती फीत वधूच्या मोत्यांत, तन्मणीत अडकते. हार बहुतेक वेळा खालच्या पदकाच्या गाठीशी तुटतो, तेव्हा तिथे दोरी दुहेरी मागा. एका जाड हाराला एका माणसाचे दोन-तीन तास जातात. दोन हार आदल्या संध्याकाळी बांधून व्हायला हवेत. पहाटेवर सोडू नका.

मंगलाष्टकांचे हार वेगळे करा. मालै तेव्हापर्यंत चुरगळलेली असते. पांढरी शेवंती आणि अधूनमधून गुलाब, प्रत्येकी अर्धा किलो, सुईने ओवलेले. हे बारीक आणि हलकेच बरे दिसतात. दोन्ही जाड केले तर फोटोत वधूवर दिसत नाहीत.

मुंडावळ्या गुलछडीच्या न उमललेल्या कळ्यांच्या करा. दोन्ही सर मिळून पन्नास ग्रॅमच्या आत. त्याहून जड झाल्या की कपाळावरून डोळ्यांवर घसरतात. कळ्या नुसत्या दोऱ्यात न ओवता अर्ध्या इंचाच्या सुती नाडीवर टाका म्हणजे घट्ट बसतात. होमापूर्वी फुलांच्या काढून मोत्यांच्या बांधा. धुराने आणि आचेने कळ्या पिवळ्या पडतात आणि लोंबते सर आगीजवळ नकोतच.

वेणीचं म्हणाल तर पाव किलो कागड्यात चार-पाच हातभर गजरे होतात. कमरेपर्यंतच्या वेणीला तेवढे लागतात. मध्ये अबोलीच्या आडव्या पट्ट्या घाला. अबोली अगदी हलकी असते, किलोत पंधरा हजार फुलं भरतात, म्हणून शंभर ग्रॅमसुद्धा खूप झाली. एका सकाळी खोपा आणि वेणी दोन्ही करायचा हट्ट मात्र धरू नका. केस सोडून पुन्हा बांधायला तास जातो आणि तो तास मुहूर्तातून जातो. वेणीच ठेवा आणि तिच्या मुळाशी आपली चंद्रकोरीसारखी शेवंतीची वेणी माळा.

मांडवाचा हिशेब झेंडूवर. मध्यम झेंडू किलोत शंभर ते एकशेवीस बसतात आणि मीटरला पंचवीस-तीस लागतात, म्हणजे किलोत साधारण चार मीटर सर. चार बाय चार मीटरच्या बोहल्याला वरती तिहेरी झालर अठ्ठेचाळीस मीटर. तीन मीटरच्या चार खांबांवर चार-चार उभे सर, तेही अठ्ठेचाळीस. शहाण्णव मीटरला चोवीस किलो. सडकी-चेपलेली वगळायला अठ्ठावीस घ्या. झोपाळ्याच्या चार साखळ्यांना आणखी तीन किलो. पण वधूवर जिथे साखळी धरतात तिथली हातभर जागा मोकळी ठेवा. मुठीत चेपलेल्या झेंडूचा रस पैठणीवर आणि कांजीवरमवर उतरला की निघत नाही. लिलियमला आमचा विरोध त्याचसाठी. त्याच्या केसरातले परागकण रेशमावर कायमचे बसतात. दारी दोन्हीकडे केळीचे खुंट हवेतच. त्यावर वाद व्हायचं कारण नाही.

खरेदी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आदल्या पहाटे. पंधरा दिवस आधी एखाद्या आडत्याच्या गाळ्यावर जाऊन रंग, वजन आणि तारीख सांगून ठेवा. आडत्यामार्फत यवत-सासवडकडच्या शेतकऱ्याशी बोलणं झालं तर फारच छान, कारण मग तोडणी तुमच्या तारखेनुसार होते. क्रेट उलटून तळ बघा. वर कोरडी फुलं आणि खाली दवाने भिजलेली, हे नेहमीचंच. ओला झेंडू रात्रीत गरम होऊन काळा पडतो. घरी आणल्यावर तो चटईवर पातळ पसरा. पाणी शिंपडायचं नाही. पाणी मारायचं ते लग्नाच्या सकाळी, आणि तेही मांडवाच्या सरांवर. अंगावरच्या हारांवर नाही.

*

प्रश्न : हार रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? (नाशिक)

उत्तर : गुलछडी, गुलाब आणि कागडा चालतील, पण फळं बाहेर काढून. सफरचंद, केळी, आंबा यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर मिटतात आणि पाकळ्या गळतात. हार ओल्या करून घट्ट पिळलेल्या मलमलीत गुंडाळा आणि खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. भिंतीला टेकलेली फुलं गोठून पारदर्शक होतात. सोनचाफा फ्रिजमध्ये तपकिरी पडतो आणि बोट लागलं तरी डागाळतो. तो हारात न घालता तबकात ठेवावा. विधीच्या तासभर आधी हार बाहेर काढून टांगा म्हणजे अंगावर पाणी गळणार नाही.

*

प्रश्न : मी कुडाळचा, होणारी पत्नी गोव्याच्या बार्देशातली ख्रिस्ती. मार्चमध्ये सकाळी चर्च आणि संध्याकाळी आमच्या अंगणात विधी असा बेत आहे. सगळीकडे सुरंगी वापरायची आमची फार इच्छा आहे.

उत्तर : आधी पाद्रींकडून तारीख तपासून घ्या. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याआधीचा लेंटचा, म्हणजे उपवासाचा, काळ तुमच्या मार्चवर येण्याची शक्यता मोठी. लेंटमध्ये, थोडे सणवार सोडले तर, वेदी फुलांनी सजवत नाहीत, आणि लग्नही साधेपणाने करावं अशी अपेक्षा असते. सुरंगीचा बहरही नेमका फेब्रुवारी ते एप्रिल. वेंगुर्ल्याच्या आसोलीकडे ती याच दिवसांत उतरते. ईस्टर लवकर येत असेल तर त्यानंतरचा आठवडा धरा. दोन्ही साधेल. उशिरा येत असेल तर चर्चमध्ये हिरवाई आणि सुरंगी फक्त अंगणात.

सुरंगी पांढऱ्या झग्याजवळ नको. तिचे पिवळे पुंकेसर सतत झडतात आणि लेसवर डाग पडतो. हातातल्या गुच्छातही ती बसत नाही, देठ फार आखूड. गुच्छाला गुलछडीच्या सात-आठ काड्या, पाच अँथुरियम आणि नेच्याची पानं पुरतात. मूठ सुती पट्टीने गुंडाळा. केसांत, पदराखाली, अबोलीची फाती (गजरा) माळा. तिचे पराग झडत नाहीत आणि वासही नसतो, म्हणून धूप आणि अत्तराशी तिचं भांडण होत नाही. लाल सादोवर, म्हणजे वधूच्या पारंपरिक लाल वस्त्रावर, ती आणखी खुलते. सुरंगीचे वळेसर (गजरे) संध्याकाळी, अंगणातल्या विधीला. दोघांच्या आयांना, करवल्यांना. कळ्या पहाटे उमलण्यापूर्वी काढलेल्या मागा. दुपारी गुंफल्या की विधीच्या वेळी उमलतात.

जाई मात्र या दिवसांत मागू नका. गोव्यातल्या मार्दोळची जाई पावसाळ्यातली.

चर्चमध्ये खिळा, टाचणी, चिकटपट्टी नको. बाकांना झावळ्या आणि फुलं कापडी फितीने बांधा. वाटेत पाकळ्या टाकायची हौस असेल तर ती अंगणात भागवा. गुळगुळीत फरशीवर उंच टाचेखाली पाकळी आली की माणूस पडतो.

*

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलाचं लग्न इंग्लिश मुलीशी जुलैच्या अखेरीस आहे. तिच्या आईच्या बागेत आणि जवळच्या मळ्यात पिकलेल्या फुलांचे हार करता येतील का? गजरे पुण्याहून आणावेत का?

उत्तर : गजरे आणू नका. भारतातून नेलेल्या कापलेल्या फुलांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

हारासाठी झेंडू स्वतः लावा. मोठ्या फुलाची आफ्रिकन जात मार्चच्या अखेरीस घरात किंवा काचघरात पेरा. दहिवर संपेपर्यंत, म्हणजे मेच्या अखेरपर्यंत, रोपं बाहेर काढायची नाहीत. पहिली कळी खुडली की फांद्या वाढतात. एका दिवशी एका झाडावर वापरण्याजोगी चार-पाच फुलं धरा. दोन हारांना एकशेवीस फुलं लागतात, म्हणून तीस झाडं. त्या आठवड्यात पाऊस लागला तर मोठ्या फुलांत पाणी साचून ती आतून कुजतात. उमललेली फुलं दोन दिवस आधीच तोडून थंड, कोरड्या जागी पसरा.

पांढऱ्यासाठी मळ्यातून कार्नेशन घ्या. हिरव्या पेल्यातून सुई आरपार जाते आणि फूल दिवसभर टिकतं. स्वीट पीच्या मोहात पडू नका. वास सुंदर, पण ओवताना पाकळी चुरगळते. मुंडावळ्यांना पांढऱ्या फ्लॉक्सची फुलं चालतात. त्यांना गुलछडीसारखी नळी असते, फक्त चार तासांहून जास्त अपेक्षा ठेवू नये. आधार मोत्यांच्या मुंडावळ्यांचाच घ्या आणि त्यावर फुलं टाका.

तिकडे पाकळ्या उधळण्यासाठी वाळवलेल्या डेल्फिनियमच्या पाकळ्या सर्रास मिळतात. अक्षतांत मिसळायला हरकत नाही, पण ते झाड विषारी आहे. पेढ्यांच्या ताटावर, केकवर किंवा लहान मुलांच्या हातात त्या देऊ नका. तिथे गुलाबाच्या पाकळ्या ठेवा, आणि त्याही न फवारलेल्या बागेतल्या.